डावा वर, उजवा खाली

सकाळी सव्वासहाला गोल्फच्या रेंजवर पोचलो की आधी टिटव्या ओरडतात. माणूस दिसला की ओरडायचं, हा त्यांचा धर्म. गवतावर दव असतं, आणि आपल्या आधी कोण चालून गेलं ते पावलांच्या काळपट रेघेवरून कळतं. पन्नास चेंडूंची बादली घ्यायची, सात नंबरची आयर्न काढायची, पायांत खांद्याएवढं अंतर ठेवून उभं राहायचं आणि काठीला हात लावायचे. हात लावले रे लावले की लांबून कोचचा आवाज येतो, "सर, हात."

एवढंच. पहिल्या आठवड्यात तो पूर्ण वाक्य बोलत असे. आता दीड महिन्यानंतर त्याला क्रियापदाची गरज उरलेली नाही.

माझे हात उलटे पडतात. मी उभा राहतो तो उजव्या हाताच्या खेळाडूसारखा, म्हणजे डावा खांदा चेंडू जिथे जायचा त्या बाजूला. असं उभं राहिल्यावर डावा हात काठीच्या वरच्या टोकाला आणि उजवा त्याच्या खाली, अशी रीत आहे. उजव्या हाताचा फलंदाज बॅट धरतो तशीच. माझा मात्र उजवा वर जाऊन बसतो आणि डावा खाली. आमच्या गल्लीत मी बॅटही अशीच धरत असे, पण तिथे कुणाला फिकीर नव्हती. मी मुख्यतः गोलंदाज होतो, आणि डाव्या हाताने चेंडू टाकणाऱ्याला गल्लीत मान असतो. सबंध लहानपणात माझ्या डाव्या हाताला मान मिळालेली ती एकच जागा.

बँकेतून निवृत्त झाल्यावर, फौजेतून निवृत्त झालेल्या एका मित्राने मला या खेळात ओढलं. छावण्या तिथे गोल्फ, त्यामुळे त्याचं अर्धं आयुष्य हिरवळीवर गेलेलं. त्याने आपला जुना सेट मला दिला. तो अर्थात उजव्यांचा. बॅट कुणीही कुठल्याही बाजूने धरावी, ती तक्रार करत नाही. गोल्फच्या काठीचं तोंड एकाच बाजूला असतं, आणि डावखुऱ्यांचा सेट आपल्याकडे मुद्दाम मागवावा लागतो. म्हणून पाय काठीच्या सोयीने उभे राहिले आणि हात आपल्या सोयीने लागले. दोन वर्षं असंच चाललं. चेंडू सरळ जाई, पण सव्वाशे यार्डांपुढे जाईना, आणि नंतर नंतर डावं मनगट रात्री ठणकायला लागलं. तेव्हा मित्र म्हणाला, "आता शिकायला लाग. रीतसर."

पहिल्या दिवशी कोचने मला पाच-सहा चेंडू मारू दिले. काही बोलला नाही. मग विचारलं, "सर, तुम्ही लेफ्टी का?"

"होतो," मी म्हणालो.

तो हसला. मीही हसलो, पण घरी जाताना गाडीत तो भूतकाळ माझ्या मागच्या सीटवर बसून आला.

सहाव्या वर्षी मला उजवं करण्यात आलं. 'करण्यात आलं' असंच म्हणायला हवं, कारण त्यात माझा सहभाग फारसा नव्हता. पाटीवर डाव्या हाताने लिहिलं की मास्तरांची पट्टी त्याच हातावर पडे. फार जोरात नाही. आठवण राहील इतपत. आईने उजव्या मनगटाला पिवळा दोरा बांधला, उजवा कुठला ते चटकन कळावं म्हणून. आजी प्रसाद देताना डावा हात पुढे आला तर हात मागे घेई आणि वाट बघत थांबे. तिच्या चेहऱ्यावर राग नसे, त्यामुळे जास्तच लाज वाटे. पुढे पाटी जाऊन शाईचं पेन आलं, तेव्हा मास्तरांची बाजू मला थोडी पटलीसुद्धा. डाव्या हाताने लिहिणाऱ्याचा पंजा ओल्या शाईवरून फिरतो आणि वहीभर निळे ढग करतो. शिवाय आपली शिरोरेघ. ती उजव्या हाताने ओढायची असते. डाव्याला ती ढकलत न्यावी लागते, आणि ढकललेली रेघ नेहमीच थोडी कापते.

भाषाही मास्तरांच्याच बाजूची. चांगलं ते उजवं, कमी पडेल ते डावं. एखाद्याला बाजूला सारलं की आपण त्याला डावललं म्हणतो. देवाने उजवा कौल दिला तर काम होणार, डावा दिला तर घरी जा. एक पानाची डावी बाजू तेवढी मानाची: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. लहानपणी पंगतीत बसलो की मी तिकडे आपलेपणाने बघत असे. तिथलं सगळं उजव्या हातानेच खायचं असतं, हा भाग वेगळा.

तर मी उजवा झालो. लिहितो उजव्याने, जेवतो उजव्याने, सही उजव्याने. बँकेत इतकी वर्षं काढली, माझ्या सहीत कुणाला डावा हात दिसला नाही. पण पत्ते वाटतो डाव्याने. बरणीचं झाकण, स्क्रू, कंगवा, हे सगळं डाव्याचं. रागावलो की बोट उठतं तेही डाव्याच हाताचं. ज्या कामांकडे मास्तरांचं लक्ष नव्हतं ती सगळी त्याच्याकडे राहिली. गोल्फ त्यांच्या यादीत कुठून असणार?

आता कोचचं म्हणणं काय ते सांगतो, कारण त्यात तथ्य आहे. गोल्फच्या काठीशी माणसाची गाठ फक्त हातांपुरती. कंबर, खांदे, पाय यांनी कितीही मेहनत केली तरी ती काठीपर्यंत पोचते हातांतूनच. काठी आणि चेंडू यांची भेट होते साधारण अर्ध्या मिलिसेकंदाची, म्हणजे सेकंदाचे दोन हजार भाग केले तर त्यातल्या एकाची. तेवढ्या वेळात काठीचं तोंड कुठे वळलं होतं त्यावर चेंडूची दिशा ठरते. त्या क्षणी दुरुस्ती करायला कुणालाच सवड नसते. दोन्ही हात उजवीकडे जास्त वळवून धरले की तोंड मिटतं आणि चेंडू डावीकडे पळतो. डावीकडे जास्त वळवले की तोंड उघडं राहतं आणि चेंडू केळ्यासारखा उजवीकडे वाकतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जी खाच पडते, तिने उजव्या खांद्याकडे बोट दाखवायला हवं. माझ्यासारखा हात उलटा असेल तर मनगटं मागे पुरेशी दुमडत नाहीत, आणि चेंडूला लांब फेकणारा जोर जन्मालाच येत नाही. चेंडू हुकतो तेव्हा आपण तो कुठे गेला ते बघतो; कोच तिकडे बघतच नाही. त्याचं काम आपण काठी धरली तेव्हाच झालेलं असतं.

ज्याला आता सगळे रीत म्हणतात ती मात्र फार जुनी नाही. हॅरी व्हार्डन हा जर्सी बेटावरच्या माळ्याचा मुलगा. १८९६ ते १९१४ या काळात त्याने ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकली; तेवढ्या वेळा ती आजवर दुसऱ्या कुणी जिंकलेली नाही. त्याच्या आधी बहुतेक लोक दहाही बोटांनी काठी मुठीत आवळत, सोटा धरावा तशी. व्हार्डन उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर चढवून ठेवी, म्हणजे दोन हातांचा एक हात होई. ही युक्ती त्याची स्वतःचीही नव्हती. जॉनी लेडली नावाचा स्कॉटिश हौशी खेळाडू त्याच्याआधी तशी काठी धरत असे. पण जिंकला व्हार्डन, म्हणून पकड व्हार्डनची. पुढे जॅक निकलस आणि टायगर वुड्स यांनी करंगळी वर न ठेवता बोटांत अडकवली, आणि तीही रीत झाली. लेडलीने पहिल्यांदा तशी काठी धरली असेल तेव्हा शेजारच्या कुणीतरी "हात!" असं म्हटलं असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे.

मग ज्याची गोष्ट मी कोचला सांगितली तो सेवसंकर सेवगोलम. सगळे त्याला पापवा म्हणत. दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानचा. उसाच्या मळ्यांसाठी भारतातून तिथल्या नाताळ प्रांतात नेलेल्या गिरमिटियांच्या पुढच्या पिढ्यांतला. शाळेचा गंध नाही, लिहिता-वाचता येत नसे. पोरवयात गोऱ्यांच्या बॅगा उचलणारा कॅडी झाला आणि बघून बघून खेळायला शिकला. त्याचे हात माझ्यासारखे पडत: उजवा वर, डावा खाली. ग्रॅहम वुल्फ या दरबानच्या रसायनतज्ज्ञाने, ऑइल ऑफ ओले हे क्रीम ज्याने काढलं त्याने, पापवाला नोकरी दिली आणि युरोपात खेळायला नेलं. १९५९ साली पापवाने डच ओपन जिंकली. १९६० साली पुन्हा. १९६४ साली पुन्हा. उलट्या हातांनी.

त्याचं नाव जगभर झालं ते मात्र या विजयांमुळे नव्हे. १९६३ साली दरबान कंट्री क्लबवर नाताळ ओपन झाली. पापवा खेळला तो गोऱ्या खेळाडूंबरोबर, आणि जिंकला. बक्षीस समारंभाच्या वेळी पाऊस आला. मंडळी क्लबहाउसात गेली. गोरा नसलेल्या माणसाला आत प्रवेश नव्हता, म्हणून विजेत्याच्या हातात करंडक बाहेर, पावसात ठेवण्यात आला. त्या दृश्याचा फोटो जगभर छापला गेला आणि वर्णभेदी सरकारची छीथू झाली. १९६५ साली त्याने तीच स्पर्धा पुन्हा जिंकली, तीही गॅरी प्लेअरसारख्या पहिल्या रांगेतल्या खेळाडूला मागे टाकून. त्यानंतर गोऱ्यांच्या स्पर्धांची दारं त्याला बंद झाली आणि पासपोर्टही गेला. १९७८ साली तो वारला, हलाखीत. आज दरबानमध्ये त्याच्या नावाचं गोल्फ कोर्स आहे. उलट्या हातांच्या या पकडीला अजून काही जण सेवगोलम ग्रिप म्हणतात.

मला त्या प्रसंगातलं खटकतं ते असं की, त्या दिवशी त्याच्या पकडीत कुणी चूक काढली असती तरी ती परवडली असती. निदान ती त्याच्या खेळाबद्दलची गोष्ट झाली असती.

हे सगळं मी कोचला भरल्या गळ्याने ऐकवलं. वकिली कुणाची चालली होती ते उघड होतं. तो शांतपणे टी जमिनीत रोवत होता. म्हणाला, "सर, तो दिवसभर खेळायचा. लहानपणापासून. तुम्ही आठवड्यातून तीनदा येता." थोडं थांबून, "आणि त्याचं मनगट दुखत होतं का?"

मग मी सचिनचा आधार घेतला. मराठी माणूस शेवटी तिथेच जातो. सचिन लिहितो डाव्या हाताने, फलंदाजी उजव्याने. लहानपणी तो मोठ्या भावाच्या जड बॅटने खेळे, म्हणून दांड्याच्या खालच्या अंगाला धरायची सवय लागली, हे त्याने स्वतःच सांगितलं आहे. पकड बदल म्हणणारे त्यालाही भेटले. त्याने वरची पकड करून बघितली, जमेना, आणि आपल्या जुन्या पकडीवर परत आला. कोचला ही गोष्ट माहीत होती. तो म्हणाला, "बघा, त्यानेही आधी करून बघितली ना?"

या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

जाता जाता एक गंमत. १९६३ सालीच, पापवा पावसात उभा राहिला त्या वर्षी, न्यूझीलंडचा बॉब चार्ल्स ब्रिटिश ओपन जिंकला. मोठी स्पर्धा जिंकणारा तो पहिला डावखुरा खेळाडू. बाकी सगळ्या कामांत तो उजवा. 'लेफ्टी' हे टोपणनाव मिरवणारा फिल मिकेलसनही उजवाच. लहानपणी वडिलांसमोर उभा राहून आरशात बघावं तसं त्यांची नक्कल करत शिकला, म्हणून डावीकडून खेळतो. म्हणजे उजवे डावे होतात आणि त्यांना कुणी पट्टी मारत नाही. मी कोचला हे सांगितलं नाही. तो काहीतरी बोलला असता.

नवी पकड कशी वाटते? देवळाबाहेर घाईत दुसऱ्याच्या चपला पायात सरकवल्यावर वाटतं तशी. मापाने बरोबर असतात, टाच टेकते, पण अंगठ्याचा खळगा आपल्या अंगठ्याने पाडलेला नसतो. दोन पावलांत कळतं. डावा अंगठा उजव्या तळव्याखाली झाकला जातो, आणि आपलाच अंगठा दिसेनासा झाल्यावर काठी कुणाच्या हातात आहे याची खात्री वाटत नाही. पहिले दोन आठवडे चेंडू कमी आणि गवत जास्त उडालं. दोनदा काठीने चेंडूला नुसतं डोक्यावर थोपटलं आणि तो चार पावलं चालून थांबला. पलीकडच्या मॅटवर बारा वर्षांची एक मुलगी दीडशे यार्ड मारत होती. तिने सौजन्याने दुसरीकडे बघितलं.

कोचने गृहपाठ दिला आहे. रोज दहा मिनिटं चेंडूशिवाय नुसती काठी धरून बसायचं. बातम्या बघताना, फोनवर बोलताना, कधीही. धरायची, सोडायची, पुन्हा धरायची. आवळायची नाही. त्यामुळे संध्याकाळी सातला आमच्या दिवाणखान्यात मी सोफ्यावर काठी धरून बसलेला असतो. परवा बायको म्हणाली, "अहो, ती काठी ठेवा बघू बाजूला. बातम्या सांगणारी बाई घाबरेल."

तिला मी सांगितलं की साठ वर्षांपूर्वीही माझे हात असेच बदलले होते. तिने विचारलं, "मग तेव्हा जास्त त्रास झाला की आता?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. तेव्हा कारण कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. आता कारण कळतं, मनगटालाही कळतं. पैसे मी भरलेत आणि उद्यापासून जायचं नाही असं ठरवलं तर कुणी विचारणार नाही. फरक मोठा आहे. पण सकाळी सव्वासहाला थंड काठी हातात आली की हातांना हा फरक ठाऊक नसतो. पट्टीची वाट बघावी तसे ते जरा आखडतात. कोच म्हणतो, "सैल सोडा सर, सैल," आणि त्या सूचनेने ते आणखी आखडतात.

तिसऱ्या आठवड्यात एक चेंडू बरोबर लागला. कसा, ते माहीत नाही. हाताला काहीच जाणवलं नाही, फक्त आवाज वेगळा आला, आणि मान वर केली तेव्हा चेंडू दीडशेच्या पाटीवरून चालला होता. मी कोचकडे बघितलं. तो दुसऱ्या विद्यार्थ्याशी बोलत होता. नंतरचे दहा-बारा चेंडू मी त्या एका चेंडूच्या नादात वाया घालवले.

एक गोष्ट लक्षात आली आहे. पहिले तीस चेंडू नवे हात टिकतात. पस्तिसाव्याच्या आसपास कधीतरी, थकव्याने किंवा बेसावधपणाने, मी काठी उचलतो आणि डावा गुपचूप खाली गेलेला असतो. मला ते कळत नाही. ते हात मला इतके ओळखीचे आहेत की उलटे आहेत हे बघूनही दिसत नाही. "सर, हात" ऐकू आलं की मगच दिसतात. साठ वर्षं उजव्याने सही करून डावा गेलेला नाही, तर महिना-दीड महिन्याच्या करंगळीच्या कसरतीने कुठे जाणार?

काल तास संपल्यावर कोच म्हणाला, "चला, जरा पटिंग करू." पटिंग म्हणजे हिरवळीवर चेंडू हळूच ढकलत भोकात घालायचा, इथे मनगट दुमडायचं नसतं, उलट ते मुकाट राहायला हवं असतं. मी पटर घेतला, शहाण्यासारखा डावा वर ठेवला, उजवा खाली. करंगळी चढवली.

"नको," तो म्हणाला. "इथे तुमची धरा. जुनी."

मला वाटलं थट्टा करतोय. तो म्हणाला, "जॉर्डन स्पीथ अशीच धरतो पटिंगला. डावा खाली. बरेच जण धरतात. मनगट हलत नाही त्याने." आणि अगदी साध्या आवाजात, "आयर्नची पकड बदलायची. ही राहू द्या तुमच्याकडे."

मी उजवा वर घेतला, डावा खाली. कुठेही बघावं लागलं नाही. दहा फुटांवर भोक होतं, दवातून मागच्या कुणाच्या तरी चेंडूची एक ओली वाट गेलेली. मी हळूच ढकललं. चेंडू शांतपणे निघाला, भोकापाशी पोचला, कडेला टेकला आणि डावीकडून वळसा घेऊन पुढे जाऊन थांबला.

मी सवयीने कोचकडे बघितलं. पण तो माझ्या हातांकडे बघतच नव्हता. गुडघ्यावर बसून एक डोळा मिटून तो हिरवळीचा उतार न्याहाळत होता.

"हात ठीक आहेत सर," तो म्हणाला. "लाइन चुकली."